युद्धवार्ताहर गुप्तहेर होतो ती ऐतिहासिक कादंबरी : तयारी, लेखनाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

युद्धवार्ताहर पुढे गुप्तहेर होतो, या कल्पनेवर लिहिलेल्या कादंबऱ्यांची हस्तलिखिते बहुतेकदा एकाच ठिकाणी ढासळतात. पहिल्या प्रकरणात नायकाच्या हाती वही आणि टाइपरायटर असतो. तिसऱ्या प्रकरणापासून मात्र तो कोणत्याही वर्तमानपत्रासाठी एक ओळ लिहीत नाही, संपादक त्याला जाब विचारीत नाही आणि सेन्सॉर त्याचा मजकूर कापीत नाही. असा नायक कापसाचा दलाल किंवा दंतवैद्य असता तरी कथेत काहीच बिघडले नसते. हे टाळायचे असेल तर लेखनाचा क्रम बदलावा लागतो : आधी त्याची नोकरी, मग त्याचे कायदेशीर स्थान, त्यानंतर तो फिरतो, म्हणजे वार्ताहराचा हेर होतो, तो क्षण, आणि पाठलाग, गोळीबार वगैरे सर्वांत शेवटी.

पुढील टप्पे समजावण्यासाठी एकच खरी पार्श्वभूमी सर्वत्र वापरली आहे : १९४३ चे गोवा. पोर्तुगाल दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होते. मुरगाव बंदरात तीन जर्मन आणि एक इटालियन अशी चार व्यापारी जहाजे युद्ध सुरू झाल्यापासून अडकून पडली होती. ९ मार्च १९४३ च्या पहाटे कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळातील काही मध्यमवयीन मंडळींनी, ब्रिटिशांच्या एसओई या गुप्त संघटनेच्या योजनेनुसार, ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर छापा घातला आणि चारही जहाजे खलाशांनी स्वतःच पेटवून बुडवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच बंदरात ‘ग्रिप्सहोम’ हे स्वीडिश जहाज आणि ‘तेइया मारू’ हे जपानी जहाज शेजारी लागले, आणि अमेरिका व जपान यांनी एकमेकांच्या ताब्यातील सुमारे दीड-दीड हजार नागरिकांची अदलाबदल केली. ब्रह्मदेशातील आराकानच्या आघाडीवरून (तेथे ब्रिटिश-हिंदी सैन्य जपान्यांशी लढत होते) परतलेला मुंबईच्या दैनिकाचा एक काल्पनिक वार्ताहर या अदलाबदलीची बातमी देण्यासाठी मुरगावला पाठवला जातो, एवढेच आपले गृहीतक.

टप्पा १ : नायक नेमका कोणत्या जातकुळीचा, हे ठरवा

येथे तीन वेगळ्या व्यक्ती असतात आणि लेखक त्यांची सरमिसळ करतात. पहिला मुळात हेर असून पत्रकारितेचा मुखवटा घेतो. दुसरा खरा वार्ताहर असून त्याला हेरगिरीत ओढले जाते. तिसरा पत्रकारिता सोडून उघडपणे गुप्त खात्याच्या नोकरीत जातो.

प्रसिद्ध उदाहरणे बहुतांशी पहिल्या जातीची आहेत. रिशार्ड सोर्गे १९३३ मध्ये जर्मन वृत्तपत्रांचा प्रतिनिधी म्हणून टोकियोला पोचला तेव्हा तो सोव्हिएत लष्करी गुप्तचर खात्याचा माणूस होताच. किम फिल्बी १९३७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’साठी बंडखोर सेनापती फ्रँकोच्या बाजूने स्पेनचे यादवी युद्ध वार्तांकित करीत होता, तेव्हा तोही आधीच सोव्हिएत हेर होता. तिसऱ्या जातीचे ठळक उदाहरण म्हणजे ‘डेली एक्सप्रेस’चा सेफ्टन डेल्मर, बर्लिन आणि स्पेन पाहिलेला हा वार्ताहर पुढे ब्रिटनच्या गुप्त प्रचारयंत्रणेत गेला आणि जर्मन असल्याचे सोंग करणारी नभोवाणी केंद्रे चालवू लागला.

आपल्याला लिहायची आहे ती दुसरी जात, आणि ती सर्वांत अवघड आहे. कारण तिच्यात माणूस वाचकाच्या डोळ्यांसमोर बदलावा लागतो. सोर्गे किंवा फिल्बी यांच्या चरित्रावरून बेतलेला नायक घेऊन त्याला ‘अचानक हेर व्हावे लागले’ असे दाखवू नका. आधीपासून हेर असलेल्या माणसाची सावधगिरी आणि नव्याने ओढल्या गेलेल्या माणसाचा गोंधळ एका व्यक्तीत बसत नाही.

*तपासा :* नायकाने पहिली गुप्त माहिती दिली त्या दिवशी तो किती वर्षे पत्रकारितेत होता, याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे.

टप्पा २ : तारीख अरुंद करा, मग साधने गोळा करा

‘दुसऱ्या महायुद्धाचा काळ’ ही कादंबरीची तारीख नव्हे. सहा आठवड्यांचा पट्टा निवडा. मुरगावच्या कथेसाठी सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा पुरेसा आहे.

नंतर त्या सहा आठवड्यांची वर्तमानपत्रे पूर्ण वाचा. केवळ मथळे नव्हेत, तर जाहिराती, बाजारभाव, शिधावाटपाच्या सूचना, रेल्वेच्या निवेदनांपर्यंत सारे. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुरालेखागार, पुण्यात केसरीवाड्यातील ग्रंथालय आणि पणजीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ही सुरुवातीची ठिकाणे. गोव्याच्या बाजूसाठी ‘ओ हेराल्डो’ हे त्या काळी पोर्तुगीजमध्ये निघणारे दैनिक पाहावे लागेल. पोर्तुगीज येत नसेल तर निदान तारखा, जहाजांची नावे आणि जाहिराती टिपून घ्याव्यात आणि उरलेले कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

बंदराचा त्या काळचा नकाशा आणि रेल्वेचा मार्ग हवाच. मुंबईहून मुरगावला जाणारा माणूस पुण्याला गाडी बदलून मीटर गेजने मिरज, बेळगाव, लोंढा असा कॅसलरॉकला पोचे आणि तेथून घाट उतरून पोर्तुगीज हद्दीत कुळ्याला. सामान दोन्ही बाजूंना तपासले जाई. कादंबरीतील पहिला ताणाचा प्रसंग येथे आयता मिळतो, आणि त्यासाठी पिस्तूल लागत नाही. टाइप केलेले एक पान पुरते.

*सावधान :* मार्चमधील छाप्यात कोण होते हे आपल्याला माहीत आहे, नायकाला माहीत नव्हते. कलकत्ता लाइट हॉर्सचा सहभाग गुप्त ठेवला गेला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो सर्वांपुढे आला. ऑक्टोबर १९४३ मध्ये बंदरात बुडालेल्या जहाजांचे सांगाडे पाहणाऱ्या वार्ताहराला अफवा ऐकू येतील, उत्तर मिळणार नाही. लेखकाला ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट नायकाला कळण्याची तारीख वेगळी लिहून ठेवा.

टप्पा ३ : नोकरी उभी करा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो उरकतात, आणि पुढची सारी पडझड येथूनच सुरू होते.

आघाडीवरचा मान्यताप्राप्त वार्ताहर अधिकाऱ्यासारखा गणवेश घाली, पण त्याला हुद्दा नसे. खांद्यावर ‘वॉर करस्पाँडंट’ अशी अक्षरे असत आणि शस्त्र बाळगण्याची मुभा नसे. सोबत लष्कराने दिलेला अधिकारी असे, जो त्याला कुठे नेता येईल आणि कुठे नाही हे ठरवी. लिहिलेला मजकूर आधी लष्करी सेन्सॉरकडे जाई, मग तारेने कार्यालयात. तेथे उपसंपादक तो पुन्हा कापी, कारण कागदटंचाईमुळे पाने कमी झाली होती. भारतात याशिवाय डिफेन्स ऑफ इंडिया नियम होते आणि दिल्लीत मुख्य प्रेस सल्लागार व प्रांतांत त्याचे सहकारी बसत. आपल्या नायकाच्या बातमीवर, म्हणजे, त्याच्या स्वतःच्या पेन्सिलीखेरीज तीन पेन्सिली चालतात.

या तिन्ही पेन्सिली धरणाऱ्यांना नाव, स्वभाव आणि स्वार्थ द्या. आराकानमधील फसलेल्या मोहिमेबद्दल त्याने लिहिलेला आणि कधीच न छापलेला मजकूर कोणाच्या खणात पडला आहे, हे ठरवा. हाच मजकूर पुढे त्याला फिरवणाऱ्या माणसाच्या हाती असणे सयुक्तिक ठरते.

सेन्सॉरचे नियम मोडण्याचे खरे मार्गही अभ्यासा. २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने बंगालच्या दुष्काळाची छायाचित्रे छापली. लिखाणावर जेवढा कडक पहारा होता तेवढा छायाचित्रांवर नव्हता, आणि संपादक इयन स्टीव्हन्स यांनी ती फट हेरली. फट शोधण्याची ही पत्रकारी नजर हीच आपल्या नायकाची खरी हेरविद्या असली पाहिजे. त्याला कुलपे उघडायला शिकवण्याची गरज नाही.

*तपासा :* नायकाची एक संपूर्ण बातमी, तारीखओळीसह, स्वतः लिहून काढा. मग सेन्सॉर म्हणून ती कापा, नंतर उपसंपादक म्हणून. जे उरले ते कादंबरीत छापील स्वरूपात द्या. जे कापले गेले त्यातून कथानक काढा.

टप्पा ४ : कायद्याने तो कोण आहे, हे प्रत्येक प्रकरणात लिहा

१९२९ च्या जिनिव्हा कराराच्या ८१ व्या कलमानुसार, सैन्याबरोबर वावरणारा वार्ताहर शत्रूच्या हाती सापडला आणि त्याच्याकडे लष्कराचे ओळखपत्र असेल, तर त्याला युद्धकैद्याची वागणूक मिळण्याचा हक्क होता. (जपानने या करारावर सही केली होती, पण तो मंजूर केला नव्हता, आराकानचे प्रसंग लिहिताना हे विसरू नका.) १९०७ च्या हेग नियमांत हेराची व्याख्या वेगळी आहे : खोट्या बहाण्याने किंवा लपूनछपून युद्धक्षेत्रात माहिती गोळा करणारा तो हेर. त्याला खटल्याशिवाय शिक्षा करता येत नाही. त्याच नियमांत एक विलक्षण तरतूद आहे : माहिती घेऊन आपल्या सैन्यात सुखरूप परतलेला हेर नंतर कधी पकडला गेला, तर आधीच्या हेरगिरीबद्दल त्याला जबाबदार धरता येत नाही. तिच्यावर अख्खे उत्तरार्ध उभे राहू शकते.

आता नायक मुरगावला येतो. तटस्थ भूमीत युद्धमान राष्ट्राचा गणवेश घालून हिंडता येत नाही, म्हणून तो साध्या कपड्यांत आहे. ज्या ओळखपत्राने आराकानमध्ये त्याचे संरक्षण केले असते, तेच येथे अडचणीचे. शिवाय गोवा युद्धक्षेत्र नाही. पकडला गेला तर पोर्तुगीज कायदा लागू होणार. पोर्तुगालने सर्वसाधारण गुन्ह्यांसाठीची देहान्ताची शिक्षा १८६७ मध्येच रद्द केली होती. तेव्हा पहाटेचा वधस्तंभ वगैरे येथे आणू नका. त्याला भीती आहे ती तुरुंगाची, हद्दपारीची आणि मुंबईला परतल्यावर कायमचे बंद होणाऱ्या दारांची. ती मन लावून रंगवली तर पुरेशी भयंकर असते.

टप्पा ५ : तो फिरतो तो क्षण

सर्वांत जास्त पाने येथे खर्च करावीत.

प्रथम बाजू ठरवा, आणि ‘देशासाठी’ हे उत्तर तेथेच थांबवून पुढचा प्रश्न विचारा : १९४३ मध्ये मराठी माणसाचा देश कोणत्या बाजूला होता? एका वर्षापूर्वी ‘चले जाव’चा ठराव झाला आहे आणि नेते तुरुंगात आहेत. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेला काँग्रेस रेडिओ नोव्हेंबर १९४२ मध्ये पकडला गेला आहे. साताऱ्यात पत्री सरकार उभे राहते आहे. बंगालमध्ये माणसे अन्नावाचून मरत आहेत. आणि नेमके याच महिन्यात, २१ ऑक्टोबर १९४३ रोजी, सिंगापूरमध्ये सुभाषचंद्र बोस आझाद हिंद सरकारची घोषणा करतात, तेव्हा मुरगावची अदलाबदल नुकतीच झालेली आहे. अशा वेळी ब्रिटिशांसाठी हेरगिरी करणारा मराठी वार्ताहर घरी कोणाच्या डोळ्याला डोळा देऊ शकेल? आणि जपान्यांच्या बाजूने गेला, तर आराकानमध्ये त्याच्या शेजारी मेलेल्या मराठा पलटणीतल्या पोरांचे काय? दोन्हीपैकी एक बाजू निवडा, पण दुसऱ्या बाजूचे म्हणणे तितक्याच ताकदीच्या पात्राच्या तोंडी घाला. त्याच्या घरातच ते पात्र असेल तर उत्तम : धाकटा भाऊ, किंवा भूमिगतांना शिधा पोचवणारी वहिनी.

त्यानंतर फिरण्याची पायरी-पायरी आखा. सूट घातलेला गृहस्थ क्लबमध्ये भेटून ‘आमच्यासाठी काम कराल का?’ असे विचारतो, हा प्रसंग हस्तलिखितांत इतक्यांदा येतो की तो दिसताच पान उलटावेसे वाटते. प्रत्यक्षात वार्ताहर आणि अधिकारी यांच्यात माहितीची देवाणघेवाण रोजचीच असते आणि सीमारेषा नकळत ओलांडली जाते :

१. सोबतचा अधिकारी सहज विचारतो की अमुक घाटावर किती होड्या दिसल्या. वार्ताहर उत्तर देतो. त्यात गुपित काही नाही.

२. पुढच्या बातमीला सेन्सॉरचा शिक्का नेहमीपेक्षा दोन दिवस लवकर मिळतो. कोणी काही बोलत नाही.

३. आता एक छोटी विनंती : हे एवढे मात्र छापू नका, आमच्याकडे द्या.

४. तो छापत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या पत्रात तीच बातमी येते आणि संपादक त्याला झापतो. येथपासून त्याला दोन धनी आहेत.

मोबदला पैशात देऊ नका. वार्ताहराला हवी असते ती बातमी, आघाडीवर जाणाऱ्या विमानातली जागा, इतरांच्या आधी मिळालेली तार. त्याला त्याच चलनात विकत घेतले जाते. पैशाची पाकिटे आली की कथा स्वस्त होते.

*तपासा :* तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या दरम्यान नायकाला ‘नाही’ म्हणण्याची खरी संधी मिळाली का? नसेल तर तो फसला आहे, फिरलेला नाही.

टप्पा ६ : माहिती बाहेर कशी जाते

माहिती मिळवणे सोपे असते. पाठवताना माणसे सापडतात. सोर्गेची व्यवस्था यासाठी बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्याचा बिनतारी यंत्रचालक माक्स क्लाउजेन नकाशांच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांचा व्यवसाय करी आणि संदेश वेगवेगळ्या घरांतून पाठवी. संकेतलिपीसाठी लागणारे आकडे ते जर्मनीच्या सांख्यिकी वार्षिकातून घेत. आर्थिक विषयांवर लिहिणाऱ्या जर्मन वार्ताहराच्या फळीवर ते पुस्तक पाहून कोणाला संशय येणार? संकेताची किल्ली नायकाच्या पेशातूनच यावी, हा येथून घेण्याचा धडा आहे. १९३८ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात सोर्गे जबर जखमी झाला, तेव्हा शस्त्रक्रियेआधी खिशातील कागद क्लाउजेनच्या हवाली करीपर्यंत त्याला शुद्ध टिकवावी लागली. आणि पुढे याच क्लाउजेनचा विश्वास उडाला. १९४१ मध्ये सोर्गेने दिलेला बराच मजकूर त्याने पाठवलाच नाही. दूतानेच निरोप गिळावा, यापेक्षा क्रूर वळण कल्पनेने सुचणे कठीण.

मुरगावच्या वार्ताहराकडे बिनतारी यंत्र नको. त्याच्याकडे वृत्ततार आहे. ठरलेला एखादा शब्द बातमीत पेरायचा आणि तो छापून आला की पलीकडच्याने ओळखायचे, ही पद्धत दिसते सोपी. पण सेन्सॉर मंडळी संशयित मजकुरातले शब्द मुद्दाम समानार्थी शब्दांनी बदलत, आणि मुंबईतला उपसंपादक तर कोणताही संशय नसताना बदलतो. पेरलेला शब्द भाषाशुद्धीच्या आग्रहापायी उडाला आणि त्यामुळे माणूस मेला, असा प्रसंग या कादंबरीतच शक्य आहे. तो लिहा.

टप्पा ७ : तीन रकान्यांची वही

आता कुठे कथानक. प्रत्येक प्रकरणासाठी तीन रकाने आखा : त्याने काय पाहिले, त्याने काय छापले, त्याने काय पोचवले. थरार या तीन रकान्यांतल्या फरकातून येतो. सलग तीन प्रकरणे मधला रकाना कोरा राहिला तर समजावे की वार्ताहर हरवला आणि पिस्तूलवाला आला.

फरक किती मोठा असू शकतो याचे अस्सल उदाहरण मुंबईतच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज सुमारे १,४०० टन स्फोटकांसह उडाले. शहर हादरले, घरांवर सोन्याच्या विटा पडल्या. दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने त्याची सविस्तर बातमी दिली. येथील वार्ताहरांना मात्र ती देण्याची परवानगी मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. पहिला रकाना भरून वाहतो आहे, दुसरा महिनाभर कोरा, आणि तिसरा कोणी भरला हा प्रश्न सगळ्या शहराच्या ओठावर. (चौकशीत हा घातपात असल्याचे सिद्ध झाले नाही. कादंबरीत तसे ‘सिद्ध’ करण्याचा मोह आवरा, संशय पुरतो.)

योगायोगही या वहीत जपून वापरा. डिसेंबर १९३७ च्या अखेरच्या दिवशी स्पेनमधील तेरुएलजवळ फिल्बीच्या मोटारीजवळ तोफगोळा फुटला, सोबतचे तीन वार्ताहर मरण पावले आणि तो किरकोळ जखमांवर बचावला. पुढे फ्रँकोने स्वतः त्याला पदक लावले, आणि ज्यांच्याविरुद्ध तो हेरगिरी करीत होता त्यांच्याच दारात त्याला मान मिळू लागला. हा योगायोग पटतो, कारण तो नायकाला संकटातून सोडवीत नाही. अधिक खोल ढकलतो.

टप्पा ८ : काळाची चाळणी

हस्तलिखित पूर्ण झाल्यावर ही चाळणी एकदा सलग फिरवावी. लिहिताना मध्येच फिरवली तर हात आखडतो.

संस्थांची नावे : सीआयए १९४७ ची, केजीबी १९५४ ची, रॉ १९६८ ची. पोर्तुगालची पीडे ही पोलीस यंत्रणा १९४५ मध्ये त्या नावाने आली. एसओईच्या पूर्वेकडील शाखेला ‘फोर्स १३६’ हे नाव १९४४ मध्ये मिळाले, म्हणून १९४३ च्या छाप्याला ते चिकटवू नये. टोकियोत सोर्गेला पकडले ते विशेष उच्च पोलिसांनी, केंपेइताई या जपानी लष्करी पोलिसांनी नव्हे; ही चूक फार होते.

वर्तमानपत्रे : ‘सकाळ’ १९३२ पासून आहे, ‘लोकसत्ता’ १९४८ मध्ये आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ मध्ये सुरू झाला. पीटीआयचे काम १९४९ मध्ये सुरू झाले; त्याआधी असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया होती.

वस्तू : ऑलिव्हेटी लेटेरा २२ हा सर्वांचा लाडका टाइपरायटर १९५० चा. १९४३ ला हर्मिस बेबी चालेल. बॉलपेन, ट्रान्झिस्टर आणि झेरॉक्स काढून टाका. गोव्यातला रुपया सोळा टांगांचा होता, आण्यांचा नव्हे.

वेळ : सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानातील घड्याळे एक तास पुढे होती. पोर्तुगीज हद्दीतील घड्याळ त्यांच्याशी जुळत होते असे गृहीत धरून कोणालाही गाडी पकडायला लावू नका.

टप्पा ९ : संवाद आणि पहिले वाचक

गोव्यातील प्रत्येक माणूस फेणी पिणारा खबऱ्या नसतो. गोदीतला मजूर कोंकणीत बोलेल, कारकून पोर्तुगीज शब्द मिसळेल, देवळाजवळचा दुकानदार मराठी वर्तमानपत्र वाचीत असेल. ब्रिटिश अधिकाऱ्याचे इंग्रजी सरळ, नीट मराठीत द्या. ‘टुम’ आणि ‘हाम’ नाटकासाठी राहू द्या. नायक संपादकाशी ‘अहो-जाहो’नेच बोलेल, भांडतानाही.

खऱ्या ऐतिहासिक व्यक्तींना तोंड उघडू देण्याआधी दोनदा विचार करा. त्यांना दुरून जाऊ द्यावे, वर्तमानपत्रातून ऐकू यावे. गुन्हा किंवा फितुरी मात्र काल्पनिक पात्रांच्याच माथी मारावी.

पहिला खर्डा हेरकथांच्या चाहत्याला देऊ नका. तो पाठलाग मोजतो. वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत उपसंपादकी केलेल्या कोणाला तरी द्या आणि एकच काम सांगा : नायकाची बातमी कोणकोणत्या रात्री छपाईला वेळेत पोचू शकली नसती, तेवढ्या पानांवर खूण करा.